नाशिकहून जोधपूरला 60 किलोमीटरच्या एंड्युरन्स राइडसाठी घोडी न्यायची आहे : प्रवास कसा आखावा?

गोदाकाठची स्वार (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

दिंडोरी रस्त्यालगत आमची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला छोटा तबेला आहे. त्यात आठ वर्षांची मारवाडी घोडी चांदणी आणि तिच्या सोबतीला अकरा वर्षांचा, खच्ची केलेला काठेवाडी घोडा अशी दोन जनावरे आहेत. चांदणीला मी गेली तीन वर्षे एंड्युरन्स राइडसाठी, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी धावायच्या आणि प्रत्येक फेरीनंतर घोड्याची नाडी किती लवकर 64 वर उतरते ते तपासणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी, घडवीत आहे. तिने महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 40 किलोमीटरच्या दोन राइड पूर्ण केल्या असून येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जोधपूरजवळ होणाऱ्या 60 किलोमीटरच्या राइडसाठी मी तिचे नाव दिले आहे.

राइडची तयारी मला बऱ्यापैकी समजते. चिंता आहे ती तिथपर्यंत पोहोचण्याची. सापुतारा किंवा पेठमार्गे सुरतेकडे उतरून पुढे अहमदाबाद, पालनपूर, पाली असा रस्ता धरला तर जोधपूर साधारण 950 किलोमीटर पडते आणि आमचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास पुण्यापर्यंतचा, म्हणजे 210 किलोमीटरचा आहे. त्या एवढ्याशा प्रवासात मला जे दिसले ते सविस्तर लिहिते, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघाला आहे.

पुण्याला जाताना आम्ही पहाटे चारला निघालो आणि अकराच्या सुमारास पोहोचलो. वाटेत थांबलो नाही. ट्रकच्या हौद्यात समोर गवताची जाळी टांगली होती, तिला चांदणीने तोंडही लावले नव्हते. फाळका उघडून खाली उतरवल्यावर तिने पाण्याच्या बादलीला ओठ टेकवले आणि मान फिरवली. घरी सकाळी तिची नाडी 36 असते, ती तेव्हा 52 लागली आणि संध्याकाळपर्यंत 40 च्या खाली आली नाही. दिवस थंडीचे असूनही तिच्या पुढच्या पायांच्या मध्ये आणि कानांच्या मागे वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी तिला तंदुरुस्त ठरवले आणि पहिल्या 20 किलोमीटरच्या फेरीनंतर तिची नाडी चार मिनिटांत 64 वर आली, परंतु दुसऱ्या फेरीनंतर त्याच 64 वर यायला तिला तेरा मिनिटे लागली आणि तपासणीच्या कार्डावर ‘आतड्यांचे आवाज मंद’ असा शेरा आला. घरी याच वेगाने 50 किलोमीटर केल्यावरसुद्धा ती पाच-सहा मिनिटांत 64 वर येते. तिने राइड पूर्ण केली खरी, पण त्या दिवशी ती जे हरवून बसली होती ते रस्त्यावर, ट्रकमध्ये हरवले होते, अशी माझी पक्की समजूत झाली आहे.

210 किलोमीटरमध्ये हे घडत असेल तर 950 किलोमीटर तिला कसे न्यावे? प्रवास एका दमात करावा की मुक्काम करीत करावा, घाटाचा रस्ता घ्यावा की धुळ्याकडून वळसा घ्यावा, राइडच्या किती दिवस आधी पोहोचावे, आणि वाटेत पाणी प्यायलाच तयार नसलेल्या घोडीला पाणी कसे पाजावे? कागदपत्रांविषयीही कुणी नीट सांगितले तर बरे होईल. गाडी भाड्याचीच असेल. सोबत मी, धाकटा भाऊ आणि घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दार काका असे तिघे जण असू.

चांदवडकर

ताई, आपण नाडीची आणि मिनिटांची नोंद ठेवली आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. बहुतेक लोक ‘घोडा जरा सुस्त वाटला’ एवढेच सांगतात. मी राजस्थानात घोडा घेऊन चार वेळा गेलो आहे. त्यांपैकी पहिल्या खेपेचा अनुभव आधी सांगतो, कारण त्यात माझीच चूक सर्वांत मोठी होती.

त्या वेळी एका वाहतूकदाराच्या गाडीत माझा घोडा इतर तीन घोड्यांसोबत चढवला. घोडे एकमेकांना चावतील म्हणून त्याच्या माणसांनी चौघांचीही तोंडे आखूड दोरीने वर, कठड्याच्या पातळीला बांधली. मला ते खटकले होते, पण त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांना अधिक कळत असेल, असे म्हणून मी गप्प राहिलो. जवळजवळ एकोणीस तास गाडी चालली आणि डिझेल भरण्यापुरतीच थांबली. पोहोचल्यावर घोडा ठीक दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे राइडच्या आदल्या दिवशी, त्याने हरभऱ्याच्या तोबऱ्यातून तोंड बाहेर काढले, तो चालताना छाती आखडून लहान पावले टाकू लागला आणि ताप 104 फॅरनहाइट निघाला. आम्हाला आधी वाटले की पाय आखडले आहेत, पण तो फुप्फुसांचा दाह होता. राइड तर गेलीच, घोडा पुन्हा खोगिराखाली यायला दीड महिना लागला. त्या आखूड दोरीला मी तिथेच हरकत घ्यायला हवी होती, ही सल अजून मनातून जात नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. 950 किलोमीटर एका दमात नेऊ नका. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत घोडे वाहून नेणाऱ्या मालवाहू गाडीचा वेग ताशी 35 किलोमीटरपेक्षा अधिक नसावा असे सांगितले आहे. त्या वेगाने 950 किलोमीटरला नुसते चालवण्याचेच सत्तावीस तास होतात आणि ते नऊ-नऊ तासांच्या तीन टप्प्यांत नैसर्गिकपणे विभागले जातात. माझा नेहमीचा बेत असा असतो : पहिल्या दिवशी भरूचच्या आसपास, दुसऱ्या दिवशी पालनपूर आणि तिसऱ्या दिवशी दुपार कलण्याच्या आत जोधपूर. दोन्ही मुक्कामांची जागा निघण्यापूर्वी फोनवरून ठरलेली असावी आणि तिथे घोड्याला मोकळे बसता-लोळता येईल एवढे, निदान बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद, बंदिस्त ठाण असावे. घोडा उभ्यानेही डुलकी घेतो हे खरे, परंतु गाढ झोप त्याला आडवे पडल्याशिवाय लागत नाही आणि चालत्या गाडीत तो आडवा पडू शकत नाही.

रस्त्याबाबत सांगायचे तर सापुताऱ्याचा घाट घोड्यासाठी वाईट. अंतर कमी दिसते, पण प्रत्येक वळणावर घोड्याला चारही पायांनी स्वतःला सावरावे लागते आणि तो व्यायाम आपल्या कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. पेठच्या बाजूलाही सावळघाट आहेच. धुळे, साक्री, नवापूर असा वळसा शंभराहून अधिक किलोमीटरचा पडतो आणि त्यात कोंडाईबारीचा घाट लागतो, तरीही वळणे त्यामानाने सौम्य असल्याने मी तोच रस्ता घेतो आणि पहिला मुक्काम भरूचऐवजी सुरतेच्या अलीकडे बारडोलीच्या भागात करून उरलेले अंतर पुढच्या दोन दिवसांत वाटून घेतो.

आणखी एक, 14 आणि 15 जानेवारीला गुजरातेतून जाऊ नका. उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा हमरस्त्यावरसुद्धा आडवा येतो आणि हौद्यातून मान बाहेर काढून उभ्या असलेल्या घोड्याला त्याची कल्पना नसते.

रात्रीचा प्रवासी

चांदवडकर दादांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे नेतो आणि नेहमी रात्रीच निघतो. रात्री रहदारी कमी असते, हॉर्नचा गोंगाट नसतो, ऊन नसते आणि घोडे शांत उभे राहतात. माझ्या मते घोड्याला सर्वांत जास्त त्रास गाडीत चढताना आणि उतरताना होतो. रोज चढवणे-उतरवणे, रोज नवे ठाण, नवे पाणी, शेजारी नवी अनोळखी जनावरे यापेक्षा दोन ड्रायव्हर घेऊन, दर चार तासांनी गाडी उभी करून पाणी-गवत देत, एका रात्रीत आणि एका दिवसात पोहोचावे आणि तिथे निवांत आठवडाभर राहावे, हे मला अधिक योग्य वाटते. परक्या तबेल्यातून रोग लागण्याची भीती मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी असते, तिचाही विचार व्हावा.

अश्ववैद्य, नाशिकरोड

दोन्ही मतांत तथ्य आहे, म्हणून कारणांसह लिहितो. उत्तर लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

घोडा हा दिवसातले बहुतेक तास मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. श्वासनलिकेत साचणारी धूळ, जंतू आणि शेंब हे सर्व मान खाली असताना उताराने नाकावाटे बाहेर येते. मान वर बांधून ठेवली की हा निचरा थांबतो, जंतू खाली फुप्फुसांकडे सरकतात, आणि दहा-बारा तासांनंतर तिथे त्यांची वाढ सुरू होते. त्यात वाळलेल्या गवताची धूळ, लघवीतून सुटणारा अमोनिया आणि थकव्याने मंदावलेली प्रतिकारशक्ती यांची भर पडली की चांदवडकरांच्या घोड्याला झाला तो आजार होतो. त्याची लक्षणे प्रवास संपल्यानंतर एक ते तीन दिवसांनी दिसतात, आणि म्हणूनच फसगत होते. छातीत दुखत असल्याने घोडा हालचाल टाळतो आणि मालकाला वाटते की पाय आखडले किंवा पोटशूळ उठला.

यावरून तीन गोष्टी निघतात. दोरी इतकी लांब ठेवा की घोडीची हनुवटी तिच्या छातीच्या खाली जाऊ शकेल, मात्र पाय दोरीत अडकणार नाही. दर चार तासांनी गाडी थांबवा, इंजिन बंद करा, गवत उंच जाळीत न देता खाली, मान वाकवावी लागेल असे ठेवा आणि निदान अर्धा तास तसेच उभे राहू द्या; पुष्कळ घोडे चालत्या गाडीत लघवीही करीत नाहीत, त्यांनाही या थांब्याची गरज असते. आणि निघण्याच्या तीन दिवस आधीपासून पोहोचल्यानंतरच्या तीन दिवसांपर्यंत सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून ताप वहीत लिहा. निरोगी घोड्याचा ताप 99 ते 101 फॅरनहाइटच्या दरम्यान असतो. आपल्या घोडीचा नेहमीचा आकडा ठाऊक असेल तर दीड अंशाची वाढही लगेच ध्यानात येते.

रात्रीच्या प्रवासाबद्दल : सारंगखेडा नाशिकहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतराला रात्रीचा प्रवास उत्तमच. परंतु सहा-सात तासांना जे लागू पडते तेच वीस तासांना लागू पडेल असे नाही. पहिले सात-आठ तास घोडा स्वतःला सावरत उभा राहतो, त्यानंतर स्नायू थकतात आणि तो कठड्याला, आडव्या बांबूला टेकू लागतो. परक्या ठाणाचा आपला मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. बादल्या, तोबरा, खरारा आणि म्होरकी स्वतःचीच वापरावीत, सार्वजनिक हौदावर पाणी पाजू नये आणि शेजारच्या घोड्याच्या नाकाला आपल्या घोडीचे नाक लागेल अशा ठाणात तिला बांधू नये. ग्लँडर्ससारखा असाध्य रोग सामाईक पाण्यातून आणि चाऱ्यातून पसरतो आणि तो माणसालाही होतो.

पाण्याविषयी : या आकाराच्या घोडीला थंडीतही दिवसाला 25 ते 30 लिटर पाणी लागते. परक्या पाण्याचा वास आणि चव घोड्याला लगेच कळते. म्हणून निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून घरच्या पाण्यात लिंबाएवढा गुळाचा खडा विरघळवून तेच तिला प्यायला द्या. तिला ती चव सवयीची झाली की वाटेत कुठल्याही पाण्यात तोच गूळ घालता येतो. पहिल्या दिवसापुरते घरचे पाणी कॅनमध्ये भरून न्या. गवतही बुडवून, निथळून द्या. त्याने धूळ बसते आणि प्रत्येक घासासोबत पाणी पोटात जाते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चाऱ्यासोबत पुष्कळ पाणी धरून ठेवलेले असते आणि राइडच्या उत्तरार्धात घाम गाळताना घोडा त्याच साठ्यावर चालतो. पुण्याला आपली घोडी तो साठा अर्धा रिकामा घेऊन पहिल्या फेरीला उतरली, त्याचा हिशेब दुसऱ्या फेरीनंतर तेरा मिनिटांच्या रूपाने दिसला आणि आतड्यांचे आवाज मंद असणे हेही त्याचेच दुसरे चिन्ह होते. एक चूक कटाक्षाने टाळा : जी घोडी पाणीच पीत नाही तिला इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांची, पेस्ट तोंडात घालू नका. मीठ आतड्यात पाणी ओढून घेते आणि रक्तातले पाणी आणखी कमी होते. आधी पाणी, मग मीठ.

हरभरा आणि इतर दाणा निघण्याच्या आदल्या दिवशी निम्म्यावर आणा, प्रवासात जवळजवळ बंद ठेवा आणि पोहोचल्यावर दोन दिवसांत हळूहळू पूर्ववत करा. पूर्ण दाणा आणि शून्य काम असे दोन-तीन दिवस गेल्यानंतर एकदम रपेट मारली तर मागच्या पायांचे स्नायू आखडतात आणि लघवी कॉफीसारखी गडद होते. तसे दिसल्यास घोडीला एक पाऊलही चालवू नका, जागेवरच पशुवैद्य बोलवा. ताप येऊ नये किंवा दुखू नये म्हणून आधीच औषध टोचण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्याने आजार झाकला जातो आणि वेदनाशामके स्पर्धेच्या नियमांत बसतही नाहीत.

कागदपत्रांना आजच लागा. ग्लँडर्स हा 2009 च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्याखाली अनुसूचित रोग आहे आणि त्याच्या रक्तचाचणीचे देशातले प्रमुख केंद्र म्हणजे हरियाणातील हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नमुना घेणे, पाठवणे, अहवाल येणे यात दिवस जातात, म्हणून निदान चार आठवडे हाताशी ठेवा आणि अहवाल किती दिवसांच्या आतला चालेल हे आयोजकांकडून लेखी घ्या. दोन्ही घोड्यांचा अहवाल काढा. सोबतीचा घोडा स्पर्धेत नसला तरी गाडीत असणार आहे. प्रवासाला योग्य असल्याचे आरोग्य प्रमाणपत्र निघण्याच्या वेळी ताजे घ्यावे लागेल. धनुर्वात आणि इन्फ्लुएन्झा यांच्या लसी राहिल्या असतील तर आत्ताच द्या, राइडच्या आधीच्या सात दिवसांत मुळीच देऊ नका.

आडगाव नाका

मी गेली बावीस वर्षे आयशर चालवतो आणि त्यातली निम्मी वर्षे लग्नसराईतले, यात्रेतले आणि आता या राइडचे घोडे नेतो. औषधपाण्याविषयी डॉक्टरसाहेबांनी सांगितलेच आहे, मी गाडीपुरते सांगतो.

भाड्याची गाडी ठरवताना आधी तिच्या हौद्यात स्वतः चढून पाहावे. लोखंडी पत्र्यावर नुसते गवत टाकलेली गाडी घेऊ नये. पहिल्याच ब्रेकला गवत पुढे सरकते आणि खाली गुळगुळीत पत्रा उरतो. मी आधी गोठ्यात वापरतात ती जाड रबराची चटई अंथरतो आणि तिच्यावर घोटीच्या भातगिरणीतून आणलेला तूस चार-पाच बोटे जाड पसरतो. तूस कोरडा टाकला तर वाऱ्याने उडून घोड्याच्या डोळ्यांत आणि नाकात जातो, म्हणून त्यावर पाण्याचा हलका शिपका मारतो. प्रत्येक मुक्कामाला ओला झालेला तूस फावड्याने काढून नवा टाकायचा, त्यासाठी चार-पाच पोती जादा ठेवायची.

दोन घोड्यांच्या मध्ये आणि मागे आडवे बांबू लागतात. नियमात त्यांची जाडी निदान 8 सेंटीमीटर सांगितली आहे आणि एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नेऊ नयेत असेही आहे. आपले दोनच आहेत, पण दोनच आहेत म्हणून सगळा हौदा त्यांना मोकळा देऊ नये. जागा फार मोकळी असली की वळणावर घोडा दोन-दोन पावले सरकतो आणि त्याचा तोल जातो. त्याला पाय फाकवून उभे राहता यावे आणि तोल गेल्यास शेजारच्या बांबूला टेकता यावे एवढीच जागा हवी. बांबूंना गोणपाट गुंडाळून वर सुतळी घट्ट आवळायची. ताडपत्री फक्त पुढून आणि वरून लावायची, बाजूंनी वारा खेळू द्यायचा. राजस्थानात पहाटे थंडी कडक असते, त्यासाठी घोड्याच्या अंगावर झूल घालावी, गाडी बंद करू नये. बंद गाडीत लीद आणि लघवीचा वास कोंडतो आणि उतरवताना माणसाचे सुद्धा डोळे चुरचुरतात, मग ज्याचे नाक रात्रभर तिथेच होते त्याचे काय होत असेल?

गाडी चालवण्याबाबत एवढेच सांगतो की घोडा उभा आहे, पोती नव्हेत, हे ड्रायव्हरला घोडा चढवण्याआधी समजावून सांगावे आणि शक्य असेल तर पहिले वीस किलोमीटर आपण स्वतः हौद्यात घोड्याशेजारी उभे राहावे. ब्रेकवर पाय ठेवण्याआधी मी मनात चार आकडे मोजतो; गतिरोधक लांबून दिसला की तेवढ्या वेळात गाडी आपोआप मंदावते आणि घोड्याला पुढे झुकावे लागत नाही.

गोदाकाठची स्वार

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आपली सगळी उत्तरे वहीत उतरवून घेतली आणि काल संध्याकाळी मोतद्दार काकांसोबत बसून बेत आखला.

नाशिकहून 17 जानेवारीला पहाटे धुळ्याच्या रस्त्याने निघायचे, बारडोलीजवळ आणि पालनपूरला मुक्काम करायचा आणि 19 तारखेला जोधपूरला पोहोचायचे. राइड 26 ला असल्याने तिथे सहा पूर्ण दिवस मिळतील. पहिल्या दिवशी नुसते हातात धरून अर्धा तास चालवणे, दुसऱ्या दिवशी खोगिराशिवाय फिरवणे, तिसऱ्या दिवसापासून तासभर दुडकी, असा क्रम ठेवला आहे. आपल्याकडची काळी-मुरमाड जमीन आणि तिथली भुसभुशीत वाळू यांतला फरक तिच्या पायांच्या शिरांना जाणवेल, म्हणून आतापासूनच आठवड्यातून दोनदा तिला नदीकाठच्या वाळूत संथपणे चालवायला सुरुवात केली आहे. ग्लँडर्सच्या चाचणीसाठी परवा दोघांचे रक्त काढून घेतले.

गुळाच्या पाण्याचा प्रयोगही सुरू केला. पहिल्या दिवशी चांदणीने नाक फुरफुरवून बादली ढकलली, दुसऱ्या दिवशी अर्धी प्यायली आणि आज सकाळी बादली रिकामी करून तळ चाटत होती. एक शंका उरली आहे. प्रवासात पायांना पट्ट्या बांधाव्यात की नाही? पुण्याला बांधल्या होत्या तेव्हा उतरवताना एका पायाची पट्टी सुटून खुराखाली आली होती.

अश्ववैद्य, नाशिकरोड

पट्टी बांधायला सवयीचा हात नसेल तर न बांधलेली बरी. सैल पट्टी सुटून पायात येते आणि घट्ट पट्टी नऊ तासांत शिरेवर वळ उठवते. बांधायचीच असेल तर खाली कापसाची जाड घडी हवी, दाब सर्वत्र सारखा हवा आणि दर थांब्याला हात फिरवून पाहायला हवे. ज्या घोडीला पट्टीची सवय नाही तिच्यासाठी खुराच्या वरच्या कडेला झाकणारे रबरी संरक्षक पुरेसे आहेत. नवी नालबंदी मात्र निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीच उरका, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर तो घरीच लक्षात येईल.

चांदवडकर

ताई, बेत चांगला आहे, पण आपण सर्वांनीच जाण्याविषयी लिहिले आणि येण्याविषयी कुणीच लिहिले नाही. राइड संपते, घोडी उत्तीर्ण होते, मंडळींना घरी परतण्याची घाई असते आणि त्याच संध्याकाळी घोडी पुन्हा गाडीत चढते. 60 किलोमीटर धावून आलेल्या घोडीचे पाणी कमी झालेले असते, स्नायू थकलेले असतात आणि आतडी मंदावलेली असतात. जी घोडी राइडमध्ये सुखरूप राहिली तिला परतीच्या वाटेवर पोटशूळ उठलेला मी पाहिला आहे, तोही भर रात्री, जिथे जवळ पशुवैद्य नव्हता. 26 ची रात्र आणि 27 चा पूर्ण दिवस तिथेच काढा. तिने पोटभर गवत खाल्ले, लघवी स्वच्छ झाली, लीद नेहमीसारखी पडली आणि सकाळची नाडी पुन्हा 36 च्या आसपास आली, तरच 28 ला पहाटे निघा. परत येतानाही दोन मुक्काम तेच ठेवा. गाडीवाल्याशी भाडे ठरवताना हे दोन दिवस त्यात धरून घ्या, म्हणजे ऐन वेळी त्याची घाई आणि घोडीची गरज यांत ओढाताण होणार नाही.

गोदाकाठची स्वार

खरोखर, परतीचा विचार मी केलाच नव्हता. 27 चा मुक्काम आजच कळवते. आडगाव नाका दादा, आपली गाडी त्या तारखांना मोकळी असेल तर आपणच आम्हाला न्यावे अशी विनंती आहे. चांदणी फाळक्यावरून चढताना दर वेळी दहा-पंधरा मिनिटे अडते आणि तिथेच तिला पहिला घाम फुटतो, एवढे मात्र आधीच सांगून ठेवते.

आडगाव नाका

ताई, 16 पासून 31 जानेवारीपर्यंत गाडी आपल्यासाठी बाजूला ठेवतो. अडणाऱ्या घोडीला निघण्याच्या दिवशी पहाटे अंधारात चढवायला जाऊ नये. माझ्या घरामागे मातीचा बांध आहे, त्याला गाडी लावली की फाळका जवळजवळ सपाट होतो. येत्या रविवारी सकाळी सोबतीच्या घोड्यासह तिला घेऊन या. आधी त्याला चढवू, मग तिला त्याच्या मागे आपल्या पायांनी येऊ देऊ, हौद्यात तोबरा देऊ, इंजिन सुरू न करता अर्धा तास उभी ठेवू आणि उतरवू. पुढच्या रविवारी पिंपळगाव बसवंतपर्यंत नेऊन आणू. गुळाचा खडा आणि तिची बादली आठवणीने सोबत आणा.